परक्या लुगड्याचा काठ

पुण्यातल्या बऱ्याच घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा दिवाणाच्या पोटात एक अर्धवट गोधडी असते. वरचं पान जोडून झालेलं, आतली भर घातलेली, कडेच्या काही ओळी शिवून झालेल्या आणि मधला भाग नुसता टाचलेला. शिवणारीचे डोळे अधू झाले, हात थरथरू लागले किंवा ती गेलीच. मग ते बाड जुन्या चादरीत बांधून वर ठेवलं गेलं. घरातल्या कुणाला ते टाकवत नाही आणि पुढे न्यायचं धाडसही होत नाही. हे पुस्तक अशा गोधड्या पुऱ्या करू पाहणाऱ्यांसाठी आहे.

अडचण टाक्यांची फारशी नसते. गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा, तो कुणालाही एका दुपारीत जमतो. अडचण कापडाची असते. तळाला लावायला, काठावर दुमडायला, विरलेल्या जागी घालायला मऊ सुती कापड लागतं आणि नेमकं तेच घरात उरलेलं नसतं. आजीची लुगडी बोहारणीला देऊन स्टीलची पातेली घेतली, आईची पातळं फरशी पुसण्यात संपली, आणि आज कपाटात आहेत त्या साड्या जॉर्जेटच्या नि शिफॉनच्या. मग कापड बाहेरून आणा, जुन्या बाजारातून, शिंप्याकडून, ओळखीच्या घरातून, असं सुचवलं की ठरलेला प्रश्न येतो: आजीच्या गोधडीत कुणा परक्याचं लुगडं कसं चालेल? चालेल, असं माझं उत्तर आहे. नुसतं चालेल एवढंच नाही, ते आजवर चालतच आलं आहे. पुढची पानं या उत्तरावर उभी आहेत, म्हणून त्याची कारणं इथेच सांगायला हवीत.

गोधडी म्हणजे कुटुंबाच्या आठवणींचा साठा, ही समजूत अलीकडची. घरात कापड मुबलक झालं, अंगावर घ्यायला ब्लँकेटं आली, त्यानंतर ती रुजली. त्याआधी गोधडी हा थंडीवरचा सर्वांत स्वस्त इलाज होता. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात, सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी. पण सामान सगळीकडे सारखंच आणि ते जिथून मिळेल तिथून यायचं. फाटकी लुगडी, धोतराची पानं, सदऱ्यांच्या पाठी, पिठाच्या पिशव्या, शिंप्याच्या दुकानातली कातरणं, शेजारणीनं दिलेला परकर. नवजात बाळाच्या दुपट्याला धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडंच लागे आणि ते घरात नसलं तर शेजारून मागून आणलं जाई. कापड कुणाचं, हा प्रश्न कुणी विचारत नसे. कापड धड आहे का, एवढंच पाहिलं जाई.

टाकेही एका हाताचे नसत. सुगी संपल्यावर उन्हाळ्याच्या दुपारी अंगणात किंवा देवळाच्या पारावर गोधडी अंथरली की शेजारपाजारच्या बाया आपापली सुई घेऊन चार बाजूंनी बसत. जुनी वाकळ उन्हात धरून पाहा. एका कडेचे टाके बारीक आणि घट्ट, दुसऱ्या कडेचे लांब, कुठे ओळ सरळ, कुठे नागमोडी. किती हात लागले ते मोजता येतं. नवरात्राचे घट बसण्याआधी घरातल्या सगळ्या वाकळा-गोधड्या नदीवर नेऊन धुवायचा रिवाज आजही गावोगाव आहे. काठावरच्या दगडांवर वाळत टाकलेल्या त्या रांगा पाहिल्या की गोधडी ही एका कुटुंबापेक्षा गावाची वस्तू जास्त होती हे पटतं. गाडगेबाबांचं उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. १८७६ साली जन्मलेले आणि १९५६ पर्यंत हातात खराटा घेऊन गावं झाडत फिरलेले बाबा अंगावर ठिगळांचं वस्त्र वागवत, म्हणून कित्येक ठिकाणी लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. त्या ठिगळांना घराणं नव्हतं.

पुणं याला अपवाद नव्हतं. बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाचं नाव देवळापाशी पासोड्या विकल्या जात त्यावरून पडलं, असं सांगतात. पांघरूण बाजारातून आणायचं आणि फाटलं की घरच्या चिंध्यांत मिसळून पुन्हा शिवायचं, हा या शहराचा जुना शिरस्ता.

नऊवारी लुगडं गोधडीला इतकं का मानवतं, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट लांबी, आणि पन्हा साधारण पंचेचाळीस इंच, म्हणजे पावणेचार फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की साडेसात फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब असा एक थर तयार. म्हणजे एका लुगड्यात दोघांना पुरेल अशा गोधडीचे बरोबर दोन थर बसतात आणि चिंधीही वाया जात नाही. तीन लुगडी म्हणजे सहा थर, पुण्याच्या थंडीला भरपूर. मग शिवण. ओळींत एकेक इंचाचं अंतर धरलं तर एवढ्या गोधडीवर सहाशे फुटांहून जास्त लांबीची शिवण पडते. इंचाला तीन टाके म्हटले तरी बावीस हजारांच्या आसपास टाके होतात. अर्धवट गोधड्या इतक्या का सापडतात, याचं एक उत्तर या आकड्यातच आहे.

शिवण्याची दिशाही लक्षात घेण्याजोगी. आपल्याकडची पुष्कळशी गोधडी कडेकडून सुरू होते आणि चौकोनात चौकोन घालत मध्याकडे सरकते. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, याच रीतीनं शिवतात आणि शेवटी चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची तिकोनी फुलं लावतात. त्या फुलांशिवाय कवंदी त्यांना पुरी वाटत नाही. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं आहे. ज्यांना रचनेचे नाना प्रकार पाहायचे असतील त्यांनी ते जरूर मिळवावं. कडेकडून शिवण्याच्या या रीतीमुळे अर्धवट गोधडीत मधलाच भाग उरतो आणि कड आधीच पक्की असते. म्हणून ती पुढे नेणं वाटतं तितकं अवघड नाही. आधीच्या हातानं चौकट आखून दिलेली असते, आपण आत चालत जायचं.

झिजलेल्या कापडाची गोधडी ही आपल्यापुरतीच गोष्ट नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं कृष्णवर्णीयांचं खेडं आहे. तिथल्या बायकांनी शेतात घालून झिजलेल्या विजारी आणि सदरे फाडून गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि पाठोपाठ न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. पण त्या शिवल्या गेल्या थंडी वाजते म्हणून. वापरातून आलेलं रूप पुढे कला ठरलं. आपल्या वाकळांनाही ही ओळख मिळायला हवी, पण त्यासाठी त्या आधी पांघरल्या जायला हव्यात.

आता कापडाकडे येऊ. पुण्यात जुनं कापड शोधायचं तर पहिलं नाव जुन्या बाजाराचं. मंगळवार पेठेच्या बाजूला, शाहीर अमर शेख चौकाजवळ, दर बुधवारी आणि रविवारी तो भरतो. पान्हे, कुलपं, नाणी, घड्याळं, बूट, रेडिओ यांच्या गर्दीत कपड्यांचे ढीग असतात. पेठांतले वाडे पाडून इमारती उठू लागल्या तेव्हा माळे रिकामे झाले आणि कित्येक पिढ्यांच्या ट्रंका अशाच बाजारांत आल्या. आता ते प्रमाण ओसरलं आहे, तरी एखाद्या गाठोड्यात इरकल अजून निघतं.

दुसरा उगम बोहारणीचा. भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणाऱ्या या बायका कापडाच्या पारखी असतात. नेलेल्या कपड्यांची त्या निवड करतात: धड ते धुऊन, टाके घालून पुन्हा विकायला, बाकीचं यंत्रं पुसायच्या चिंध्यांना. दारावर आलेल्या बोहारणीला 'सुती लुगडं मिळालं तर माझ्याकडे आण' एवढं सांगून ठेवावं. जी वस्तू आपण चाळीस वर्षं तिला दिली, ती आता तिच्याकडून विकत घ्यायला कमीपणा वाटायचं कारण नाही.

तिसरा उगम आपल्याच कपाटात असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ओटीत आलेले ब्लाऊजपीस. हळदीकुंकवात, बारशात, वास्तुशांतीत मिळालेले हे तुकडे न शिवता एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात. त्यांतले जुने तुकडे उघडून पाहा. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं उत्तम टूबायटू, पॉपलिन, क्वचित गुळेदगुड्डचा खण हाती लागतो. ठिगळांच्या वरच्या पानासाठी यापेक्षा सोयीचं कापड नाही. ते परक्याचं आणि आपलं दोन्ही असतं, हा आणखी एक फायदा.

गिरणीचं कापड ओळखायची एक खूण सांगून ठेवते. थानाच्या किनारीवर गिरणीचं नाव छापलेलं असे. अशी किनार शाबूत असलेला पॉपलिनचा किंवा वायलचा तुकडा मिळाला तर ती किनार कापून टाकू नका. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर गिरणगावातल्या कित्येक गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. आपल्या आयांनी नेसलेली खटाव मिलची वायल त्याच गिरणगावच्या परिसरातली. पुण्यात स्टेशनजवळच्या राजाबहादूर मिलच्या आवारात आता उपाहारगृहं आहेत. ज्या मागांवर ते कापड निघालं ते माग भंगारात गेले. किनारीवरचं नाव तेवढं उरलं. गोधडीच्या मागच्या बाजूला ते दिसेल असं ठेवता येतं.

कापड मिळालं, आता पारख. माझ्या मते गोधडीतली निम्मी कला इथेच संपते, सुई नंतर येते. पहिली कसोटी उजेडाची. कापड सूर्याकडे धरून आरपार पाहावं. विरलेली जागा जाळीसारखी दिसते. दुसरी कसोटी ओढीची: दोन्ही मुठींत धरून हलकेच ताणलं असता करकर आवाज आला तर धागा कुजला आहे, मग ते कापड कितीही सुंदर असो, सोडून द्यावं. घडीवरच्या रेषा विशेष तपासाव्यात, कारण वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं लुगडं आधी तिथेच तुटतं. लोखंडाच्या क्षारानं केलेला काळा रंगही संशयानं पाहावा. तो धाग्याला आतून खातो. लाल-हिरवा भाग ठणठणीत आणि काळा तेवढा झडलेला, असं जुन्या कापडात अनेकदा आढळतं.

सुती की मिश्र, हे बोटांना कळत नसेल तर चार धागे उपटून काडीवर धरावेत. सूत कागदासारखं जळतं आणि राख मऊ पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही चाचणी विकत घेतल्यावर घरी करायची, बाजारात नव्हे, हे सांगायला नको. एवढा आग्रह कशासाठी? सूत हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून पॉलिएस्टरची भर घातलेली गोधडी अंगाला चिकटते, घाम टिपत नाही आणि धुतल्यावर आतले थर वेगवेगळे सरकतात. हल्ली 'जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल' अशा पाट्या शहरभर दिसतात. त्यांच्याकडे कपड्यांचं गाठोडं देण्याआधी ही छाननी आपण केलीच पाहिजे.

इरकलाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पुणेरी ट्रंकांत ते सर्वांत जास्त सापडतं. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलला विणलेल्या या लुगड्याचं अंग बहुधा सुती आणि पदर लाल रेशमी असतो. दोन्हींचे ताणे कोंडी पद्धतीनं एकमेकांत अडकवलेले असतात. धुतल्यावर रेशीम आणि सूत सारखं वागत नाही. म्हणून पदर वेगळा काढून ठेवावा आणि अंगाचाच थर करावा. काठ मात्र सोनं आहे. इरकलचा गोमी काठ दाट विणीचा, कड न उसवणारी, धागा पक्का. अर्धवट गोधडीची कड बांधायला तो काठ सरळ वापरता येतो, दुमडावाही लागत नाही. मी या पुस्तकात शेवटच्या कडेसाठी सगळीकडे लुगड्याच्या काठाचीच शिफारस केली आहे.

पुरं करण्याचे बाकी नियम थोडे आहेत. बाहेरून आणलेलं कापड आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावं. पांढरं ओलं फडकं दाबून रंग जातो का पाहावं. गडद लाल आणि निळा यांवर विशेष नजर ठेवावी. जुनं लुगडं आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. कोरं मांजरपाट तसं नसतं, म्हणून ते दोनदा धुतल्याशिवाय तळाला लावू नये, नाहीतर पहिल्या धुण्यात तळ आवळतो आणि वरचं पान फुगतं. दोरा सुतीच घ्यावा. कापडापेक्षा बळकट दोरा कापडाला कापतो, आणि तुटायचंच असेल तर दोरा तुटलेला बरा. तो पुन्हा घालता येतो. रविवार पेठेत आणि बोहरी आळीत सुया-दोरे हवे तसे मिळतात. तोंडाकडची बाजू लक्षात ठेवावी: गोधडी रोज रात्री तिथेच धरून ओढली जाते, म्हणून आणलेल्यांतलं सर्वांत मजबूत कापड त्या कडेला जावं. आणि आधीच्या हातानं घातलेले टाके उसवू नयेत. ते वाकडे असतील, तरी त्यांना धरूनच आपली ओळ सुरू करावी.

एक मर्यादाही पाळायला हवी. सगळंच जुनं कापड कापण्यासाठी नसतं. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून यावं. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वस्त्रं अशा, लोकांनी अडगळीत टाकलेल्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला दिला. त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट अशी, की कुठली वस्तू अखंड राहायला हवी हे ओळखता आलं पाहिजे. धड पैठणी, शाबूत चंद्रकळा, खऱ्या जरीचं वस्त्र हाती आलं तर त्याला कात्री लावू नये. जुनी जर वितळवून चांदी काढणाऱ्यांच्या हाती अशी कितीतरी वस्त्रं गेली आहेत; त्यांत आपण भर घालू नये. फाटलेलं, डागाळलेलं, मधूनच तुटलेलं कापड गोधडीचं. तेही पुण्यात इतकं आहे, की धडाला हात लावायची वेळ येणार नाही.

भावाबद्दल दोन शब्द. जुन्या बाजारात घासाघीस होतेच आणि तिच्यात गंमतही असते. पण हेच कापड 'विंटेज' म्हणून काचेच्या दुकानात गेलं की आपण सांगितलेली किंमत मुकाट्यानं मोजतो. पदपथावर उन्हात बसलेल्या बाईकडून लुगडं घेताना ही गोष्ट मनात असू द्यावी.

पुस्तकाची रचना या क्रमानंच आहे: आधी शोध, मग पारख, मग धुणं आणि डागडुजी, मग अर्धवट गोधडी उघडून तिचा अंदाज घेणं, आणि शेवटी शिवण व कड. ज्यांना नवी गोधडी शिवायची आहे त्यांनाही ते उपयोगी पडेल, पण माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या थांबलेल्या गोधड्याच. त्या पुऱ्या करायला मूळ घराण्याचंच कापड हवं, हा हट्ट सोडा. गोधडी पुरी होते ती पांघरण्याजोगी झाली की. तिच्यात कुणाकुणाची लुगडी आहेत याची यादी तिनं कधीच ठेवली नव्हती. येत्या बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात सकाळीच जा, एखादं सुती लुगडं पारखून आणा, आणि त्याच आठवड्यात ट्रंक खाली काढा. पुण्यातली थंडी फार थोडे महिने असते; दिवाळीच्या आत ओळी पुऱ्या झाल्या तर यंदाच अंगावर घेता येईल.